गावचा मृदंग : वारकरी भजनातील वाद्य, त्याची निगा आणि नवे हात

वारकरी भजनाला तीन वाद्ये पुरतात : वीणा, टाळ आणि मृदंग. वीणा एकच असते आणि ती दिंडीची खूण मानली जाते. टाळ ज्याचा त्याचा. वारकरी तो स्वतः विकत घेतो, गळ्यात अडकवून वारीला नेतो आणि पुढे मुलाच्या हाती देतो. मृदंगाचे तसे नाही. वारकरी ज्याला मृदंग म्हणतात तो बांधणीने पखवाजच, आणि बहुतेक गावांत तो देवळाचा असतो. लोकवर्गणीतून तो घेतला जातो, विठ्ठलाच्या किंवा मारुतीच्या देवळात गवसणी घालून ठेवला जातो आणि गावात ज्याचा हात तयार असेल तो वाजवतो. एका कोणाच्या मालकीचे नसलेले, तरी रोज कोणीतरी लक्ष द्यावेच लागणारे हे वाद्य इतक्या पिढ्या टिकले, कारण वाद्याची निगा आणि नव्या वादकाची घडण ही दोन कामे गावाने कधी वेगळी केली नाहीत. त्यामुळे या वाद्याचा इतिहास नामांकित वादकांच्या चरित्रांपेक्षा भजनी मंडळांच्या रिवाजांत जास्त सापडतो.

नामदेवांनी (१२७०–१३५०) कीर्तन चंद्रभागेच्या वाळवंटात आणले तेव्हापासून समूहाने, उभ्याने, नाचत करायचे भजन हा या संप्रदायाचा कणा राहिला. अशा भजनाला नाजूक वाद्य चालत नाही. शेकडो कंठ आणि तितकेच टाळ एका लयीत धरून ठेवायचे तर खर्जात घुमणारे आणि मोकळ्या मैदानावर दूरवर पोहोचणारे चर्मवाद्य लागते. तुकोबांच्या काळापर्यंत टाळ-मृदंगाची ही जोडी पक्की झालेली दिसते. तुकोबांच्या मागे उभे राहणाऱ्या चौदा टाळकऱ्यांची आठवण परंपरेने जपली आहे. त्यांत चाकणचे संताजी जगनाडे तेली होते. इतरही वेगवेगळ्या जातींचे आणि धंद्यांचे होते. भजनात कोण कोणाच्या मागे उभा राहतो हे जातीवर नव्हे तर आवाजावर आणि हातावर ठरावे, ही अपेक्षा तेव्हापासूनची आहे. ती प्रत्यक्षात किती पाळली गेली, हा प्रश्न मात्र पुढे चर्मवाद्याच्या बाबतीतच टोकदारपणे उभा राहतो.

तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून पंढरपूरला नेण्याची प्रथा सुरू केली. ज्ञानेश्वरांचा आणि तुकोबांचा सोहळा तेव्हा एकत्र चाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा यांनी ज्ञानेश्वरांची पालखी स्वतंत्रपणे काढली. १८३२ हे साल त्यासाठी सांगितले जाते. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि लवाजमा दिला, वासकरांसारख्या फडांनी, म्हणजे परंपरेने चालत आलेल्या वारकरी गटांनी, भजनाची बाजू सांभाळली. सोहळ्याला हैबतबाबांनी जी शिस्त लावली तिच्यात फौजेतला अनुभव उघड दिसतो. कोणती दिंडी रथाच्या पुढे, कोणती मागे, हे क्रमांकाने ठरले. रथापुढे २७ दिंड्या चालण्याचा प्रघात पडला. मुक्काम ठरले, निघण्याच्या वेळा ठरल्या, कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे हेही ठरले. सकाळी मंगलाचरण आणि रूपाचे अभंग, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, त्या त्या दिवसाचे वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. हा क्रम मुखोद्गत असल्याशिवाय मृदंग्याला दिंडीत निभावत नाही, कारण गाणारा पुढचा अभंग सांगत बसत नाही. विणेकऱ्याने चरण उचलला की ठेका त्याच क्षणी बदलावा लागतो.

दिंडीची रचना या वाद्यांभोवतीच झाली आहे. पुढे पताकाधारी, मग समोरासमोर दोन ओळींत टाळकरी, मध्ये विणेकरी आणि मृदंगी, मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया. मृदंग पट्ट्याने गळ्यात अडकवलेला असतो आणि चालता चालता वाजवायचा असतो. दिवे घाटाच्या चढणीवर पाय एका लयीत आणि हात दुसऱ्या लयीत राहू न देणे, हे कोणत्याही बैठकीत न शिकता येणारे कसब आहे. रिंगणात अश्वांची दौड संपल्यावर उडीचा खेळ होतो. सगळ्या दिंड्यांचे मृदंगी आणि टाळकरी एकत्र येतात आणि चोपदाराच्या इशाऱ्यावर लय चढवत नेतात. एरवी आपापल्या गावात एकटा वाजवणारा मृदंगी त्या वेळी शेकडोंच्या ठेक्यात आपला ठेका मिसळतो. आपला हात किती पाण्यात आहे हे कळण्याची ती वर्षातली सर्वांत चांगली जागा.

या शिस्तीत वाद्याला आणखी एक अधिकार मिळाला आहे. मुक्कामावर समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतो आणि सगळा तळ गप्प होतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, क्रम डावलला गेला असेल किंवा कोणाचे काही हरवले असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. तो आवाज ऐकून चोपदार त्या दिंडीपाशी जातो, तक्रार ऐकतो, तिची वासलात लावतो आणि मगच आरती होते. अर्ज नाही, भाषण नाही; टाळ वाजत राहिला एवढे पुरते. लाखोंच्या जमावात साध्या माणसाचे गाऱ्हाणे वरपर्यंत पोहोचवण्याची इतकी नेमकी रीत दुसरीकडे क्वचितच आढळेल.

पालखी सोहळा वर्षातून एकदा येतो. वाद्याचे खरे आयुष्य गावात जाते. रोज संध्याकाळी हरिपाठ, दर एकादशीला भजन आणि जागर, कार्तिकात महिनाभर पहाटेचा काकडा, आणि वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह. गोदाकाठच्या सराला बेटाचे गंगागिरीमहाराज यांच्यामुळे सप्ताहाची प्रथा अहिल्यानगर जिल्हा आणि मराठवाडा भागात घट्ट रुजली. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. पहारेकरी ठरलेल्या वेळी ती एकमेकांच्या पाया पडून गळ्यात घेतात. काकडा, ज्ञानेश्वरीचे पारायण, गाथा भजन, प्रवचन, हरिपाठ, रात्रीचे कीर्तन आणि त्यानंतरचा जागर असा दिवस चालतो. एका मृदंग्याला हे झेपत नाही. म्हणून गावात दोन-तीन तरी हात तयार लागतात, आणि सप्ताह जवळ आला की पुढच्या पिढीची आठवण अगदी व्यवहार म्हणूनही होते.

मृदंग वाजवणाऱ्यांत गुरवांचे स्थान जुने आहे. शिवालयाची पूजा आणि देवापुढचे वादन ही दोन्ही कामे त्यांच्याकडे असत आणि पखवाजाची विद्या अनेक गुरव घराण्यांत वंशपरंपरेने चालत आली. वारकरी भजनात मात्र ती एका जातीपुरती राहिली नाही. मराठा, माळी, धनगर, वंजारी, कोळी, तेली अशा साऱ्यांच्या घरांतून मृदंगी निघाले. या वाद्याचा दुसरा भाग, म्हणजे कातडे कमावणे आणि वाद्या (चामड्याच्या पट्ट्या) काढणे, ही कामे गावगाड्यात ज्यांच्याकडे होती त्यांना अस्पृश्य ठरवलेले होते. त्यांच्या हातचे कातडे देवापुढे गाभाऱ्याजवळ वाजे आणि ते स्वतः महाद्वाराच्या बाहेर उभे राहत. मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवसांचे उपोषण केले, तेव्हा कुठे हा अडसर दूर झाला. भजनाच्या समतेचे कौतुक करताना ही साडेसहाशे वर्षांची दिरंगाई विसरणे अन्यायाचे होईल.

पखवाजाचे खोड एकसंध लाकूड कोरून करतात. शिसव, खैर, बाभूळ, फणस, आंबा अशी लाकडे वापरात आहेत. खैर आणि शिसव टिकाऊ आणि आवाजाला भरीव, पण जड. गळ्यात घालून पंधरा-वीस दिवस चालायचे तर हलके खोड बरे पडते. दोन्ही तोंडे सारखी नसतात. उजवे तोंड लहान, शाईचे. डावे मोठे, धुमेचे. दोन्हींवर बकऱ्याच्या कातड्याची पुडी चढते. पुडीच्या कडेला चामड्याचा विणलेला गजरा असतो आणि दोन्हीकडचे गजरे म्हशीच्या कातड्याच्या वादीने एकमेकांशी ताणून बांधलेले असतात. वादीखाली लाकडी गट्टे सरकवले की ताण वाढतो, सूर चढतो. मोठा फरक गट्ट्यांनी काढायचा आणि बारीक फरक गजऱ्यावर हातोडी मारून. गजऱ्याच्या प्रत्येक घरापाशी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, बोट वाजवून पाहायचे, जिथे सूर खाली असेल तिथे वरून ठोकायचे, जिथे चढला असेल तिथे खालून. सगळ्या घरांचा सूर एक झाला की पखवाज लागला.

उजव्या पुडीवरची शाई हे या वाद्यातले सर्वांत बारीक काम. लोखंडाचा बारीक कीस आणि भाताची किंवा पिठाची खळ यांचे मिश्रण पातळ थरांनी लावतात. प्रत्येक थर वाळत येताना गुळगुळीत दगडाने घोटतात. घोटताना शाईला केसासारख्या भेगा पडत जातात आणि त्याच हव्या असतात. भेगांमुळे शाई कातड्याबरोबर हलते, अखंड कवच होऊन त्याला जखडून ठेवत नाही. नुसत्या ताणलेल्या कातड्यातून जे स्वर निघतात ते एकमेकांशी मेळ न खाणारे असतात, म्हणून बहुतेक ढोलांना निश्चित सूर नसतो. मधोमध वजन दिल्याने कातड्याचे कंपन बदलते आणि त्यातले वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये भारतीय तालवाद्यांच्या या गुणाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. शाई घोटणाऱ्या कारागिरांनी हे कानाने आणि हाताने कैक पिढ्या आधीच साधले होते.

डाव्या बाजूला कायमची शाई नसते. तिथे कणीक लागते. ती दर वेळी वाजवण्याआधी लावायची आणि वाजवून झाल्यावर काढायची. गव्हाचे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा थोडे सैल भिजवतात. पुडीच्या मध्यावर पाण्याचा हात फिरवतात आणि कणकेचा गोळा तिथे दाबून गोल पसरतात; मध्ये जाड, कडेला पातळ. मग थाप मारून बघायचे. आवाज पोकळ आणि वर आला तर कणीक कमी आहे, बसका आणि मेला तर जास्त. चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. उजव्या बाजूचा सूर लागलेला असतो, त्याच्या खालच्या षड्जाशी धूम जुळली की काम झाले. कीर्तन लांबले तर कणीक सुकत जाते, तिच्या कडा उचलतात आणि आवाज फाटायला लागतो. म्हणून जाणता मृदंगी शेजारी पाण्याचे भांडे ठेवतो आणि अभंगाच्या मधल्या विसाव्यात ओला हात फिरवून घेतो.

निगेचे बहुतेक नियम या कणकेभोवतीच आहेत. वाजवून झाल्यावर ती तशीच राहिली तर वाळून कातड्याला ओढ बसते आणि पुडी फाटते. खरवडून काढताना नख किंवा धारदार वस्तू लावायची नाही. ओल्या फडक्याने सैल करून बोटांनी सोडवायची. कण राहिले तर मुंग्या येतात, उंदीर येतात, आणि उंदराने एका रात्रीत पुडीला भोक पाडल्यावर गावाला पुन्हा वर्गणी काढावी लागते. गवसणी घालण्याआधी पुडी कोरडी आहे ना हे पाहायचे. उन्हाळ्यात कातडे आपोआप ताणते, म्हणून वाजवणे संपल्यावर गट्टे खाली घेऊन ठेवायचे. पावसाळ्यात उलट होते. ज्येष्ठ-आषाढात, म्हणजे नेमके वारीच्या दिवसांत, दमट हवेने पुडी उतरते, ठोकूनही सूर चढत नाही. मग पखवाज उन्हाच्या तिरीपेला किंवा विस्तवापासून अंतरावर धरतात. घाई करून चुलीजवळ नेला तर कातडे भाजते आणि पुन्हा कधीच नीट बोलत नाही. टाळांचीही निगा असते, पण ती सोपी : दोरी झिजण्याआधी बदलायची आणि टाळ दगडावर पडू द्यायचा नाही. काशाच्या टाळाला एकदा चीर गेली की नाद जातो. तो सांधता येत नाही, वितळवूनच नवा करावा लागतो.

वादी जोडणे, गट्टा बसवणे, गजरा ठोकणे ही कामे गावात होत. पुडी भरण्यासाठी किंवा शाई चढवण्यासाठी मात्र पखवाज मोठ्या बाजारपेठेच्या गावी किंवा आळंदी-पंढरपूरला न्यावा लागे. या दोन्ही क्षेत्रांत टाळ, वीणा, मृदंग विकणारी आणि दुरुस्त करणारी दुकाने आहेत आणि यात्रेच्या दिवसांत त्यांचे हात रिकामे राहत नाहीत. तंतुवाद्यांचे गाव म्हणजे मिरज. तिथे शिकलगार घराण्यांनी, म्हणजे मूळच्या शस्त्र-कारागिरांनी, एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. त्यांना लागणारे भोपळे भीमेच्या काठी पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पखवाजाच्या कारागिराला असे एखादे गाव किंवा नाव लाभले नाही. तो विखुरलेला राहिला आणि म्हणून त्याच्या कसबाची नोंदही कमी झाली.

या निगेतूनच मुलगा वाद्यापर्यंत पोहोचतो. देवळात येणाऱ्या पोराच्या हाती आधी टाळ दिला जातो. टाळात दोन गोष्टी पक्क्या होतात : लय आणि पाठांतर. ज्याला अभंगाची चाल ठाऊक नाही त्याला मृदंग देत नाहीत, कारण वारकरी भजनात ठेका हा चालीचा सोबती असतो, स्वतंत्र मिरवणारा नसतो. टाळ सरावला की मुलाला कामे सांगितली जातात : गवसणी काढ, कणीक भिजव, पाण्याचे भांडे आण, हातोडी दे. कणीक किती सैल हवी हे त्याला तोंडी कोणी सांगत नाही. पातळ झाली तर परत पाठवतात. महिनाभरात त्याला थापेचा खरा-खोटा आवाज ओळखता येऊ लागतो, आणि तो कान आल्याशिवाय पुढचे शिकणे फुकट जाते. बोल आधी तोंडाने म्हणायचे, मांडीवर वाजवायचे, मग पखवाजावर. सुरुवात भजनी ठेक्याने, तो आठ मात्रांचा. मग धुमाळी, दादरा, केरवा, आणि त्यांच्या दुगणी, लग्ग्या, तिहाया.

पहिल्यांदा साथीला बसवतात ते हरिपाठाला. कीर्तनात चूक झाली तर कीर्तनकाराचा विषय तुटतो. हरिपाठात चाल सरळ, लय सम आणि सगळ्यांना तोंडपाठ असते, त्यामुळे नव्या हाताची चूक टाळकरीच सांभाळून घेतात. जुना मृदंगी उठून टाळ घेतो आणि मुलाच्या समोर उभा राहतो. लय पळायला लागली की तो टाळ जरा जोरात वाजवतो, बस. प्रोत्साहनाची ही रीत फार शहाणपणाची आहे. मुलाला कौतुकाचे शब्द क्वचितच मिळतात. पण गावासमोर वाजवण्याची जबाबदारी मिळते, तीही सांभाळून घेणारी माणसे भोवती असताना. जिथे जुना वादक जागा सोडत नाही तिथे मृदंग त्याच्याबरोबरच मुका होतो, आणि अशी गावेही कमी नाहीत.

गावच्या या विद्येत दरबारी पखवाजाचेही पाणी मिसळले. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या होळकर दरबारी नावाजले आणि त्यांची परंपरा शिष्यांमार्फत महाराष्ट्रभर आली. तिचे मुलायम बोल हाताला सोपे आणि गायनाच्या साथीला सोयीचे असल्यामुळे कीर्तनात सहज सामावले. उलट दिशेनेही प्रवास झाला. मराठवाड्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकरी भजनाच्या वातावरणातून पुढे आले, शास्त्रीय मैफलीत मान्यता पावले आणि १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या मृदंग्याच्या मुलाला आपली विद्या कुठवर जाऊ शकते हे त्यांच्या उदाहरणाने दिसले.

संस्थात्मक शिक्षणाची सुरुवात विष्णुबुवा जोग (१८६७–१९२०) यांनी केली. अभ्यासू, सदाचारी कीर्तनकार तयार व्हावेत म्हणून त्यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, गीता, ज्ञानेश्वरी, गाथा आणि पाठांतर, जेवणासाठी माधुकरी. सोनोपंत दांडेकर आणि बंकटस्वामी यांच्यासारखे त्यांचे अनुयायी पुढे संप्रदायाचे आधारस्तंभ झाले. संस्थेचा भर ग्रंथांवर होता, पण कीर्तनाला साथ लागतेच. त्यामुळे तिच्या भोवती गायन-वादन शिकवणारेही आळंदीत जमले. पुढच्या काळात तिथे खासगी वारकरी शिक्षण संस्थांची मोठी वस्ती झाली. आज विदर्भ-मराठवाड्यातली आठ-दहा वर्षांची मुले तिथे राहून दिवसा शाळेत जातात आणि सकाळ-संध्याकाळ हरिपाठ, चाली आणि मृदंग शिकतात. या मुलांपैकी कितीतरी शेतमजुरांच्या घरची असतात आणि मृदंग त्यांना कीर्तनाच्या साथीतून पोटाची सोय करून देतो. मात्र अलीकडे यांतल्या काही संस्थांमधील मुलांच्या सुरक्षिततेचे गंभीर प्रश्न पुढे आले आणि प्रशासनाला तपासणी करावी लागली. गावच्या देवळात शिकणारा मुलगा आईबापांच्या आणि साऱ्या गावाच्या नजरेसमोर शिके. परगावी ठेवलेल्या मुलावर तशी नजर राहत नाही. ती व्यवस्था संप्रदायाने स्वतःहून उभी करायला हवी. मुलींच्या हातात मृदंग दिसू लागला, ही गेल्या काही दशकांतली चांगली गोष्ट. जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई यांचे अभंग शतकानुशतके गायले गेले, पण त्यांना साथ करणारे हात पुरुषांचेच असत.

गिरण्यांच्या काळात हे भजन मुंबईला गेले. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावची भजनी मंडळे तयार झाली. गाळ्यात पाच-पंचवीस माणसे राहत, तिथेच खुंटीला पखवाज असे आणि पाळी सुटल्यावर रात्री भजन होई. घाटावरच्या मंडळींनी वारकरी चाली जपल्या. कोकणातल्या मंडळींनी पेटी जोडीला घेऊन आपली वेगळी वाट काढली. तिच्यातून डबलबारी भजन लोकप्रिय झाले. दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून सवाल-जवाब करतात आणि पखवाजी बुवाइतकाच नावाजला जातो. जुन्या फडांच्या वारकऱ्यांना पेटी आजही फारशी मानवत नाही. वीणेच्या सुरावर आणि मोकळ्या गळ्यावर भजन चालावे हा त्यांचा आग्रह आहे, आणि तो जपण्याजोगा आहे. पेटी आली की गळा तिच्यावर टेकायला लागतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाद्यही बदलले. वादीच्या जागी लोखंडी सळया आणि नटबोल्ट लावलेला पखवाज आला. तो पान्याने चढवता-उतरवता येतो, पावसात वादी सैल पडण्याची भीती नाही आणि नवख्यालाही सुरात लावता येतो. नायलॉनची दोरी आली, लाकडाऐवजी फायबरचे खोड आले, पुड्या तयार मिळू लागल्या. ध्वनिवर्धकामुळे खोडाच्या घुमाऱ्यापेक्षा मायक्रोफोनजवळचा करकरीत आवाज महत्त्वाचा ठरला. सोय झाली यात शंका नाही. दूरच्या वाडीवर पुडी भरायला कारागीर नसताना नटबोल्टनेच भजन चालू ठेवले. पण सळयांच्या जोडणीत चारी बाजूंचा ताण वादीइतका बारकाईने जमत नाही, आणि आवाजात धातूची कुणकुण राहते. म्हणून काही मंडळे दोन पखवाज ठेवतात : वारीला आणि सप्ताहाच्या गर्दीला नटबोल्टचा, कीर्तनाला वादीचा.

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीच्या निर्बंधांमुळे पालख्या पायी निघाल्या नाहीत. पादुका एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. सप्ताह आणि यात्रा थांबल्या, तसे मृदंग्यांचे मानधन आणि कारागिरांचे काम दोन्ही बंद पडले. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली. वाजवणारी मुले आज भरपूर आहेत, कदाचित पूर्वीपेक्षा जास्त. शाई घोटणाऱ्यांची नवी पिढी तितक्या संख्येने उभी राहत नाही. काम वेळखाऊ आहे, कातड्याशी जोडलेला जुना कलंक पुरता गेलेला नाही, आणि तयार पुडी स्वस्त मिळते. आळंदीत मुलाला गजरा ठोकायला आणि कणीक लावायला शिकवतात. पुडी भरायला शिकवणारा नेमका वर्ग तिथल्या नेहमीच्या अभ्यासात नाही. तो सुरू करायचा तर शिकवायला कारागिरालाच बोलवावे लागेल, आणि कीर्तनकार व मृदंगाचार्यांना देतात तसे मानधन आणि तशीच गादीवरची जागा त्यालाही द्यावी लागेल.